गिरणीवाले दळवीकाका: कोऱ्या कागदावर पात्र उभं करताना

कार्टून काढायला बसलेला नवखा माणूस हमखास डोळ्यांपासून सुरुवात करतो. आधी एक डोळा, मग त्याला जुळणारा दुसरा, मग नाक, मग तोंड. चेहरा जमला की स्वारी खूश होते आणि खाली मान-खांदे काढायला जाते, तर कागद संपलेला असतो. पाय मावत नाहीत म्हणून पात्राला टेबलामागे उभं केलं जातं. हात जमत नाहीत म्हणून ते खिशात जातात. मी स्वतः दोनेक वर्षं अशीच टेबलामागची, खिशात हात घातलेली माणसं काढत होते आणि त्याला आपली शैली समजत होते.

इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी अख्खा माणूस, तोही नुसता आकार म्हणून. मग त्याचं उभं राहणं, मग डोकं आणि हात. चेहरा जवळजवळ शेवटी. चित्रकलेचं शिक्षण लागत नाही. शाळेत असताना एलिमेंटरीच्या परीक्षेला बसला असाल तर हाताला थोडी सवय असेल. नसाल बसला, तरी अडत नाही.

एकच पात्र घेऊन शेवटपर्यंत जाऊ: पिठाच्या गिरणीचे मालक, दळवीकाका. दळणाला शोभावं म्हणून आडनाव दळवी, बाकी काही नाही. वय पंचावन्नच्या पुढे, पोट सुटलेलं, अंगात बनियन, भुवयांवर पीठ. तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर एसटीचे कंडक्टर घ्या, भाजीवाल्या मावशी घ्या, पायऱ्या त्याच. फक्त एक करा: ज्याला तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं आहे असाच माणूस घ्या. राक्षस, परी, उडणारा मुलगा हे सगळं नंतर.

सामान

पाठकोरे कागद जितके मिळतील तितके. ऑफिसातले, मुलांच्या जुन्या प्रकल्पांचे, लग्नपत्रिकांच्या मागचे. कोऱ्या, महागड्या ड्रॉइंग पॅडसमोर हात आखडतो. पाठकोऱ्या कागदावर बिघडलं तर बिघडलं. एक एचबी आणि एक टूबी पेन्सिल, मऊ खोडरबर, एक काळं पेन, एक जाड काळा मार्कर. पक्क्या चित्रासाठी दोन-चार कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. जमलं तर फिकट निळी रंगीत पेन्सिलही घ्या, ती कशाला ते पुढे येईल. टॅबलेट, सॉफ्टवेअर यातलं सध्या काही नको. तिथे ‘अनडू’ आहे, आणि ‘अनडू’ असलं की माणूस एकच रेघ चाळीस वेळा मारतो आणि पुढे सरकतच नाही.

आधी गिरणीत जाऊन या

ही पायरी लोक गाळतात, आणि मग त्यांचा गिरणीवाला, न्हावी आणि पोस्टमन तिघंही एकाच आईची मुलं दिसतात.

दळण घेऊन जा आणि घरी परत न येता तिथेच थांबा. फोटो काढू नका. एकतर समोरचा माणूस अवघडतो, आणि दुसरं म्हणजे फोटो सगळंच सांगतो. आपल्याला थोडकंच हवं आहे. डोळ्यांनी बघा आणि घरी आल्यावर शब्दांत लिहून काढा. माझ्या वहीत असं लिहिलेलं आहे:

‘पीठ सगळीकडे सारखं बसत नाही. पुढचे केस, भुवया, मिशीची वरची कड आणि हातावरची लव पांढरी. कानामागचे केस मात्र काळेभोर. खांद्यावर पंचा, पण तोंड पुसायला नाही, डब्याच्या कडा पुसायला. गिरणीकडे बघत नाहीत, कान देतात. आवाज बदलला की लाकडी दांडक्याने वरच्या तोंडाला दोन ठोके. पडणारं पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळतात. समोरचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही, म्हणून भुवया कायम वर.’

यातल्या तीनच गोष्टी मी ठेवल्या. अर्धे पांढरे अर्धे काळे केस, वर चढलेल्या भुवया आणि चिमटी. पंचाही गेला. तीनापेक्षा जास्त खुणा ठेवल्या की पात्र फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धेतून आल्यासारखं दिसतं.

एक खबरदारी. आपण त्या गिरणीवाल्यांचं चित्र काढत नाही आहोत. एखाद्या खऱ्या माणसाचा चेहरा ओळखू येईल असा ताणून काढला तर ते अर्कचित्र. ती वेगळी विद्या आहे, बरीच अवघड. आपण दोन-तीन माणसांचं मिळून एक नवीन माणूस करतोय. माझ्या काकांचं पोट एका नातेवाइकांकडून आलं आहे, आणि ते त्यांना अजून ठाऊक नाही.

पहिली पायरी: सावली

मार्कर घ्या. पेन्सिल लांब ठेवा. कागदावर अंगठ्याएवढ्या उंचीचे दहा-बारा काळे ठिपके काढायचे आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे भिंतीवर पडलेली दळवीकाकांची सावली. डोळे नाहीत, बनियनची पट्टी नाही, काही नाही. फक्त बाहेरची कड.

कुणाला गोल करा, कुणाला चौकोनी, कुणाला वर बारीक खाली रुंद. एकाला मानच देऊ नका. एकाचे पाय काडीसारखे करा. पाचव्या-सहाव्या ठिपक्यापर्यंत डोक्यात आधीच बसलेली चित्रं बाहेर पडतात, खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मग कागद भिंतीला टेकवून चार पावलं मागे जा. कोणता ठिपका माणूस वाटतो? कोणता पोट सुटलेला माणूस वाटतो? कोणता ‘अरे, हे गिरणीवाले’ वाटतो?

सावलीवर एवढा भर का, ते आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’कडे बघून कळतं. १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात तो दिसू लागला. लक्ष्मण आधी वेगवेगळ्या प्रांतांतल्या माणसांची गर्दी काढत. रोजच्या वेळेच्या रेट्यात ती कमी होत गेली आणि शेवटी चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा घातलेला एक म्हातारा उरला. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्राकाठी त्याचे पुतळे आहेत. पुतळ्याच्या मागे जाऊन उभे राहा. चेहरा दिसत नाही, चष्मा दिसत नाही, कोटाच्या चौकड्यांचा रंग तर नाहीच, तरी कोण आहे ते विचारावं लागत नाही.

माझ्या बारा ठिपक्यांमधला जो निवडला तो पिठाच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यासारखा होता. खाली जड, वर सैल, आणि डोकं म्हणजे पोत्याच्या तोंडाला मारलेली गाठ. हा योग चांगला जुळून आला, कारण ॲनिमेशन शिकणाऱ्यांना सुरुवातीला पिठाच्या पोत्याचाच सराव देतात. पोत्याला चेहरा नसतो, हात नसतात. तरी ते दमलेलं, रागावलेलं, लाजलेलं दाखवायचं. वाकलं की एका बाजूला सुरकुत्या पडतात आणि दुसरी बाजू ताणली जाते, पण आतलं पीठ तेवढंच राहतं. दळवीकाका वाकले म्हणून त्यांचं पोट कमी होत नाही, ते पुढे सरकतं. पानभर पोती काढा. कंटाळा येईल, पण काढा.

दुसरी पायरी: किती डोक्यांचा माणूस?

खरा मोठा माणूस आपल्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. कार्टूनमध्ये हे बंधन नाही, पण हिशेब मात्र हवा. डोकं जितकं मोठं तितकं पात्र लहान मुलासारखं आणि गोड वाटतं. जितकं लहान तितकं ते दांडगं किंवा दूरचं. दोन डोक्यांचं पात्र बाहुलं होतं, सहा डोक्यांचं जवळजवळ खरा माणूस.

काकांना मी साडेतीन डोकी दिली. कागदाची एक पट्टी कापा, तिच्यावर डोक्याच्या उंचीची खूण करा आणि त्याच मापाने खाली खुणा करत जा. पहिलं डोकं म्हणजे डोकंच. दुसऱ्याच्या शेवटी बेंबी. तिसऱ्याच्या शेवटी चड्डीची खालची कड. उरलेल्या अर्ध्यात पाय आणि चपला. ही पट्टी टाकू नका, पेन्सिलीच्या डब्यात ठेवा. दोन दिवसांनी काका अचानक उंच का दिसतायत ते तीच सांगेल.

तिसरी पायरी: कण्याची रेघ

आता पेन्सिल. निळी असेल तर निळी. पूर्वी छपाईसाठी चित्राचं फिल्म बनवताना फिकट निळा रंग कॅमेऱ्यात उमटत नसे, म्हणून चित्रकार कच्चं काम निळ्यात करायचे आणि खोडायचा त्रास वाचवायचे. आज स्कॅन केल्यावर तो रंग काढून टाकता येतो.

पहिली रेघ डोक्यापासून टाचेपर्यंत एकाच झटक्यात मारायची. ती सरळ नको. उभ्या काठीसारखी रेघ मारली की वर चढवलेला माणूस दुकानातल्या पुतळ्यासारखा उभा राहतो. दळवीकाका गिरणीला कान देतायत, तर रेघ गिरणीच्या बाजूला झुकलेल्या धनुष्यासारखी. ते ओरडतायत, तर रेघ मागे कललेली आणि पोट पुढे. दुपारी स्टुलावर डुलकी काढतायत, तर रेघ प्रश्नचिन्हासारखी.

रेघेवर पोतं चढवा, पोत्यावर गोल डोकं, खाली दोन नळ्यांचे पाय. वजन कुठल्या पायावर आहे ते आधी ठरवा. स्वतः उभे राहून बघा. एका पायावर भार टाकला की त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा खाली येतो. घरात कुणी नसताना हे करणं बरं.

इथपर्यंत सगळं काम फिकट, खडबडीत, चुकत-माकत चालू द्या. एका जागी चार रेघा पडल्या तरी खोडू नका. शेवटी त्यातली एकच निवडायची आहे.

चौथी पायरी: मोसंब्याचं डोकं

डोकं समोरून काढणं सोपं. ते वळलं की घोटाळा होतो: नाक एकीकडे बघतं आणि डोळे दुसरीकडे. यावर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोसंबं.

एक मोसंबं घ्या. बॉलपेनने त्याच्याभोवती एक उभं वर्तुळ आणि एक आडवं वर्तुळ काढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे नाकाचा ठिपका द्या, आडव्या रेघेवर दोन बाजूंना दोन डोळे. आता मोसंबं हातात फिरवा. डावीकडे वळवलं की उभी रेघ सरळ राहत नाही, ती डावीकडे फुगते. लांबचा डोळा कडेला जातो आणि अरुंद दिसतो. वरच्या बाजूने बघितलं की आडवी रेघ हसल्यासारखी खाली वाकते आणि डोक्याचा वरचा भाग जास्त दिसतो. आठ वेगवेगळ्या कोनांतून ते मोसंबं काढा. नंतर खाऊन टाका.

काकांचं डोकं म्हणजे हेच मोसंबं, फक्त खाली गालांच्या जागी जरा रुंद. आडवी रेघ मधोमध ठेवली तर मोठा माणूस. ती खाली सरकवली तर कपाळ मोठं होतं आणि काका बाळसेदार दिसायला लागतात. मी ती मध्याच्या किंचित वर ठेवली, कारण खाली मिशी आणि दोन हनुवट्यांना जागा लागते. कान आडव्या रेघेच्या पातळीवर. कानाच्या आत मराठी ३ काढला की काम झालं. दुसऱ्या कानात तोच उलटा, आरशातला.

पाचवी पायरी: हात, आता खिशातून बाहेर काढा

हाताला लोक घाबरतात ते बोटांमुळे. म्हणून बोटं काढूच नका, निदान आधी. पहिल्यांदा बिनबोटांचा हातमोजा काढायचा: एक पोळपाटासारखा चपटा गोल आणि बाजूला अंगठ्याचा कोंब. हा हातमोजा मनगटातून वळवा, वर न्या, खाली लोंबू द्या. हात काय करतोय ते एवढ्यानेच कळलं पाहिजे. कळत नसेल तर बोटं काढून काही सुधारणार नाही.

मग हातमोज्याच्या टोकाला तीन भाग करा. हो, तीनच, अंगठ्यासकट चार बोटं. १९२८ मध्ये पडद्यावर आलेल्या मिकी माउसलाही अंगठ्यासकट चारच बोटं आहेत. सेकंदाला २४ चौकटी लागणाऱ्या माध्यमात प्रत्येक हाताचं एक बोट वाचणं म्हणजे ढीगभर काम वाचणं, आणि छोट्या हातावर पाच बोटं दाटीवाटीची दिसतात. कागदावर तुम्हाला पाच काढायची असतील तर खुशाल काढा, फक्त एकदा ठरवलं की बदलू नका. लहान मुलं बोटं मोजतात आणि पत्र पाठवतात.

दळवीकाकांची चिमटी हा हातांचा चांगला धडा आहे, म्हणून जरा जवळून बघू. आपल्या डाव्या हाताची चिमटी करून समोर धरा. अंगठ्याचं पेर बाहेरच्या बाजूला वाकतं. तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला थेट भिडत नाही, ते पेराच्या गादीवर टेकतं. बाकीची बोटं नकळत पंख्यासारखी उघडतात आणि करंगळी सगळ्यात वर जाते. कागदावर उतरवताना: आधी अंगठा आणि तर्जनीचा मिळून एक लांबट थेंब. त्या थेंबाच्या आत रिकामी जागा. ही रिकामी जागा बुजवलीत तर चिमटी जाऊन मूठ होते. थेंबाच्या मागे उरलेली दोन बोटं, केळ्याच्या फण्यासारखी सुटी. थेंबाच्या टोकाखाली चार ठिपके टाका, की पीठ चोळलं जातंय. मी ही चिमटी एका रविवारी तीसेक वेळा काढली असेल. पंचविसाव्याच्या आसपास कधीतरी ती जमली, आणि का जमली ते त्या दिवशी कळलं नाही. त्या रिकाम्या जागेचा उलगडा पुढच्या आठवड्यात झाला.

पायांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चपला घाला.

सहावी पायरी: चेहरा, आणि सोळा काका

आता डोळे काढायला हरकत नाही, आणि बहुतेक वेळा नुसते दोन ठिपके पुरतात. पापण्या, बुबुळातली चमक, डोळ्यांखालच्या रेघा हे सगळं वाढलं की हसरं पात्र आजारी दिसायला लागतं. काकांच्या चेहऱ्यावरचं सगळं काम भुवया आणि तोंड करतात. भुवया समईच्या वातींसारख्या जाड आणि डोळ्यांपासून सुटलेल्या, कपाळावर हव्या तिथे सरकवता येतील अशा.

एका कागदावर चार उभे आणि चार आडवे, असे सोळा चौकोन आखा. प्रत्येकात तेच डोकं, तोच ठिपक्यांचा डोळा. पहिल्या ओळीत भुवया सपाट, दुसऱ्या ओळीत वर चढलेल्या, तिसऱ्या ओळीत नाकाकडे उतरलेल्या, चौथ्या ओळीत नाकाकडे चढून बाहेर उतरलेल्या. आता तोंडं उभ्या रांगांनी: पहिल्या रांगेत सरळ रेघ, दुसऱ्यात हसू, तिसऱ्यात खाली वळलेलं, चौथ्यात उघडा आ. सोळा काका तयार. उतरलेल्या भुवया आणि हसरं तोंड एकत्र आले की लबाडी दिसते: ‘वजनाला थोडं कमी भरलं, चालेल ना?’ बाहेर उतरलेल्या भुवयांखाली हसू आलं की कसनुसं: वहिनींच्या गव्हाआधी कुणाचे तरी हरभरे दळले गेलेत आणि ते सांगायचं कसं. हे सोळा चेहरे कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवतात, आणि वेळ लागतो जेमतेम अर्धा तास.

मराठीत शि. द. फडणीस यांची शब्दांशिवायची हास्यचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना माहीत आहे की खाली एक ओळही न लिहिता माणसाच्या मनातलं कळवता येतं. तुमच्या सोळा चौकोनांवर हात ठेवून घरातल्या कुणाला विचारा, हे काय म्हणतायत? उत्तर लगेच आलं नाही तर भुवई अजून वर न्या. नवखा माणूस नेहमी कमीच ताणतो.

सातवी पायरी: शाई

इथे हात कापतो. सगळ्यांचाच.

कच्चं चित्र कार्ट्रिज कागदावर घ्या. त्यासाठी लाइट बॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी पेटी, लागत नाही. दिवसा खिडकीच्या काचेला दोन्ही कागद एकावर एक चिकटवले की खालच्या रेघा दिसतात. त्याआधी कच्चा कागद उलटा करून एकदा उजेडात धरा. उलट्या चित्रात सगळी गफलत उघडी पडते: एक डोळा वर, पोट एका बाजूला, पाय तिरका.

शाईसाठी काळं फाइनलायनर पेन चालेल, टाक आणि निब चालेल, दोन नंबरचा ब्रश चालेल. सुरुवातीला पेनच बरं. टाक घेतलात तर नव्या निबेवर तेलकट थर असतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून काढा, नाहीतर शाई धरत नाही आणि माणूस स्वतःला दोष देतो. रंग भरायचा असेल तर शाई वॉटरप्रूफ आहे ना ते एका कोपऱ्यात रेघ मारून, वाळल्यावर ओलं बोट फिरवून बघा. मी हे एकदा विसरले आणि दळवीकाकांचं बनियन राखाडी झालं. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय.

रेघ मारताना: हाताखाली एक कोरा कागद ठेवा, तळव्याचा घाम चित्राला लागत नाही. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी डावीकडून उजवीकडे जावं, डावखुऱ्यांनी उलट. रेघ स्वतःकडे ओढा, पुढे ढकलू नका. दिशा पटत नसेल तर मनगट मुडपण्याऐवजी कागद फिरवा. छोटी रेघ मनगटातून, पोटाच्या कमानीसारखी मोठी रेघ कोपरातून. कागदाला न टेकवता हवेत दोनदा फिरवा आणि तिसऱ्यांदा टेकवा. पेनच्या टोकाकडे बघू नका; जिथे पोचायचंय तिथे बघा. सायकल चालवताना चाकाकडे बघत नाही, तसं. आणि एक आपल्याला फुकटात मिळालेलं आहे: जो माणूस पहिलीपासून ‘ळ’ आणि ‘ठ’ गिरवत आला आहे, त्याच्या हातात वळण आधीच असतं.

सगळ्या रेघा एका जाडीच्या ठेवल्या तर चित्र तारेच्या बाहुलीसारखं दिसतं. बाहेरची कड जाड, आतल्या घड्या बारीक. पोटाखालची, हनुवटीखालची, चपलेखालची रेघ आणखी जाड, कारण तिथे वजन आहे.

आता पीठ. काळ्या शाईने पांढरं पीठ कसं दाखवायचं? काढायचंच नाही. कानामागचे केस पूर्ण काळे भरा आणि पुढचे नुसत्या कडेने सोडून द्या. काळं आणि पांढरं जिथे भेटतात तिथे सरळ सीमा नको, तुटक, बोटं फिरवल्यासारखी करवती. चित्रात काळा भराव एवढाच: मागचे केस, चपला आणि गिरणीच्या पोटातला अंधार. डोळे बारीक करून बघा. काळे तीन डाग काकांच्या भोवती पडलेत आणि मधे पांढरंशुभ्र पोट, म्हणून नजर थेट तिथे जाते.

शाई वाळायला घाई करू नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कागद दमट होतो आणि शाई रेघेच्या बाहेर फुटते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवा. फारच दमट झाला असेल तर वर वर्तमानपत्र ठेवून कोमट इस्त्री फिरवा. पेन्सिल खोडायची ती शाई पूर्ण वाळल्यावर, एकाच दिशेने, कागद दोन बोटांनी ताणून धरत. चुकलेली रेघ पांढऱ्या पोस्टर कलरने झाकता येते. छापील व्यंगचित्रांच्या मूळ प्रती पाहायला मिळाल्या तर असे पांढरे डाग शोधा. बरं वाटतं.

आठवी पायरी: तेच काका पुन्हा

एकदा जमलं ते चित्र. परवा, तेरवा, घाईत, दुसऱ्या कोनातून काढूनही तोच माणूस दिसला, तर पात्र.

यासाठी नमुना तक्ता करतात. एका आडव्या कागदावर चार काका शेजारी शेजारी: समोरून, तिरके, बाजूने, पाठमोरे. डोक्याचा माथा, डोळे, बेंबी, चड्डीची कड, टाच, या पाच जागी कागदभर आडव्या रेघा मारा म्हणजे चौघंही एका मापाचे राहतात. बाजूने काढताना प्रश्न पडतील ते आधी कधी पडलेले नसतात. मिशी नाकाच्या किती पुढे येते? बनियन पाठीवर किती खोल? कानामागचं काळं मानेपर्यंत जातं का? उत्तरं तक्त्यावरच लिहून ठेवा: ‘बोटं चार. दांडकं उजव्या हातात, चिमटी डाव्या. मिशीचे केस एका बाजूला पाच.’ एका दिवाळी अंकासाठी मी तीन चौकटींची गोष्ट दिली होती. पहिल्या चौकटीत दांडकं उजव्या हातात, दुसऱ्यात डाव्या, तिसऱ्यात गायब. छापून आल्यावर शेजारच्या चौथीतल्या मुलीने दाखवलं.

तक्ता झाला की तो उलटा ठेवा आणि न बघता काकांना दहा कामं करताना काढा. डबा उचलताना, सुट्टे पैसे मोजताना, शिंकताना, लाइट गेल्यावर अंधारात, पावसात छत्री उलटलेली असताना, नातवाला खांद्यावर घेऊन. मग तक्त्याशी ताडून बघा. पहिल्या तीनांत डोकं लहान-मोठं होईल. सातव्या-आठव्यात हात आपोआप चालायला लागतो, आणि त्याच वेळी तुमच्या नकळत पात्र थोडं बदलतं. काही रेघा गळतात, मिशी सोपी होते. बदल बरा वाटला तर तक्ता नवा करा.

गिरणीवर परत

दहा चित्रांतलं एक, डब्यावर वाकून चिमटीत पीठ चोळणारे काका, मी फ्रेम न करता तसंच कागदावर घेऊन गेले. दळण चालू होतं. गिरणीवाल्यांनी हात बनियनला पुसले, कागद दोन बोटांत धरला आणि बराच वेळ बघत राहिले. मी मिशीबद्दल, पोटाबद्दल काहीतरी ऐकायच्या तयारीत होते. आवाज एवढा होता की त्यांना माझ्या कानाजवळ यावं लागलं.

‘ताई, ही पीठ पडायची कापडी पिशवी,’ ते म्हणाले, ‘हिला तुम्ही खाली गाठ मारलीय. गाठ वर असते. पीठ पडणार कुठून?’